हाक देणाऱ्याचेही कर्तव्य असते

(पक्षाच्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात समारोपप्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर)



तीन दिवसांचे हे शिबिर आता संपत आले आहे. संयोजकांनी समारोपासाठी मला 'स्त्रिया, राजकारण आणि सार्वजनिक सेवेची हाक' असा विषय दिला आहे. या विषयावर भाषण करणे सोपे असते. थोर स्त्रियांची नावे घ्यावीत, त्यांच्या त्यागाचे स्मरण करावे, तुम्हीही तशाच व्हा असे सांगावे आणि टाळ्या घेऊन खाली बसावे. अशी भाषणे मी स्वतः पुष्कळ केली आहेत. आज मात्र तसे करण्याची माझी इच्छा नाही. कारण काल रात्री प्रश्नांच्या पेटीत एक चिठ्ठी आली. चिठ्ठीवर नाव नाही. लिहिणारीने एवढेच विचारले आहे : "पक्षाने उभी राहा म्हटले तर मी राहीन. पण निवडून आल्यावर मी एकटी पडले, तर पक्ष काय करील?"

या चिठ्ठीने मला झोप लागू दिली नाही. तिचे उत्तर देणे हेच आजच्या माझ्या भाषणाचे काम आहे असे मी समजते. आणि ते उत्तर प्रामाणिक व्हायचे असेल, तर आधी एका जुन्या ऋणाची कबुली तुमच्यापुढे दिली पाहिजे.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गावाचे आणि त्या बाईचे नाव मी घेणार नाही. तिची परवानगी मी घेतलेली नाही. अवर्षणाच्या पट्ट्यातले, नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीचे लहानसे गाव. सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव झाले होते. आम्ही तालुक्यातले कार्यकर्ते योग्य उमेदवार शोधत होतो. ही बाई शेतमजूर होती. आदल्या उन्हाळ्यात पाण्यासाठी तहसील कचेरीवर जो हंडा मोर्चा गेला, त्यात ती सर्वांत पुढे होती. शिक्षण चौथीपर्यंत झालेले, पण हिशोबाला पक्की आणि बोलण्यात निर्भय. मी तिच्या घरी तीनदा गेले. ती नको म्हणत होती. घरात म्हातारी सासू होती, मुले लहान होती, रोजची मजुरी बुडाली तर चूल कशी पेटायची हा प्रश्न होता. मी तिला सेवेचे महत्त्व समजावून सांगितले. "गावाने हाक दिली आहे, तू मागे कशी राहतेस?" हे माझेच शब्द. अखेर ती उभी राहिली, निवडून आली, सरपंच झाली. आम्ही तिला हार घातला, छायाचित्र काढले आणि पुढच्या गावाला निघून गेलो.

पहिल्या उन्हाळ्यातच टँकर सुरू झाले. दिवसाला दोन खेपा येत आणि नोंद चार खेपांची होई. त्या नोंदीवर सरपंचाची सही लागे. तिने सही करण्यास नकार दिला. आधी तिला समजावण्यात आले, मग नवऱ्याला समजावण्यात आले, मग नवऱ्याचे शेतावरचे काम बंद झाले. गावात तिच्या चारित्र्याविषयी कुजबूज सुरू झाली. बाई हिशोब मागू लागली की तिच्या चारित्र्याचा हिशोब काढायचा, ही आपल्या समाजाची जुनी रीत आहे. शेवटी अविश्वासाच्या ठरावाची नोटीस निघाली. ती तीन वेळा आमच्या तालुका कार्यालयात आली. तेव्हा आम्ही दुसऱ्या एका निवडणुकीच्या गडबडीत होतो. आमच्यातल्या एका ज्येष्ठ साथींनी तिला सल्ला दिला, "गावचा प्रश्न आहे, गावातच मिटवून घ्या." मी त्या वेळी त्याच खोलीत होते आणि मी काही बोलले नाही.

राखीव पदावरील स्त्री सरपंचाला काढण्यासाठी तीन-चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे नवांपैकी सात. ते सात हात वर झाले. त्यांतले दोन हात आपल्याच विचाराचे म्हणवणाऱ्या सदस्यांचे होते आणि तीन हात स्त्रियांचे होते. त्या तिघींचे नवरे कार्यालयाच्या दारात उभे होते.

ठराव झाल्यानंतर मी तिला भेटायला गेले. ती रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती. ती एवढेच म्हणाली, "ताई, तुम्ही हाक मारली, मी ओ दिली. मी हाक मारली, तेव्हा तुमच्यातल्या एकानेही ओ दिली नाही."

मित्रहो, सार्वजनिक सेवेच्या हाकेविषयी मला जे काही सांगायचे आहे ते सारे या दोन वाक्यांत आले. हाक ही दोन बाजूंची गोष्ट आहे. जो हाक देतो, तोही तिने बांधला जातो. आम्ही मात्र हाक देणे हे आपले काम आणि ती निभावणे हे बाईचे काम, अशी वाटणी करून टाकली.

रस्त्यावरून आलेल्या स्त्रिया

आपल्या चळवळीत हे नेहमीच असे होते काय? माझ्या मते नव्हते.

मृणाल गोरे यांचे नाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी पक्षाच्या कामात आल्या. त्यांच्या लोकप्रतिनिधित्वाचा आरंभ विधानसभेत किंवा लोकसभेत झाला नाही. तो झाला गोरेगावच्या ग्रामपंचायतीत, जेव्हा गोरेगाव अजून मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होते. १९५८ साली त्यांचे पती केशव तथा बंडू गोरे यांचे निधन झाले. मुलगी लहान होती. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या आणि पाण्याच्या प्रश्नावर त्यांनी प्रशासनाला असे धारेवर धरले की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. १९७२ साली त्या विधानसभेत गेल्या आणि १९७७ साली लोकसभेत. नळापासून संसदेपर्यंतचा हा मार्ग आहे. आणि त्या मार्गावरची प्रत्येक पायरी लोकांच्या एखाद्या खऱ्या गरजेची होती.

१९७२ सालच्या दुष्काळात रॉकेल, तेल, साखर, धान्य यांचे भाव कडाडले आणि शिधावाटप दुकानांत माल मिळेना. त्या वेळी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या स्त्रिया तिच्यात एकत्र आल्या. त्यांचे पक्ष एकमेकांशी किती भांडत होते हे तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. या स्त्रियांनी मतभेद झाकून ठेवले नाहीत, पण रॉकेलच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला त्या मतभेदांची किंमत मोजायला लावली नाही. लाटणी हातात घेऊन मोर्चे निघाले. ठरलेल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजल्या. ज्या गृहिणीला घराबाहेर पडता येत नव्हते, तिला घरातूनच चळवळीत भाग घेता आला. या थाळीतली युक्ती लक्षात घ्या. बाईला वेळ नाही, तिला उंबरठा ओलांडण्याची मुभा नाही, हे वास्तव त्या नेत्यांनी ओळखले आणि चळवळ तिच्या स्वयंपाकघरापर्यंत नेली. बाईने आपल्या सोयीने यावे असे त्या म्हणाल्या नाहीत.

पुढे आणीबाणीत यांपैकी अनेकींना तुरुंगवास घडला. प्रमिलाताई येरवड्याला होत्या आणि मधू दंडवते बंगलोरच्या तुरुंगात. १९७७ साली मृणालताई आणि अहिल्याताई दोघीही मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. १९८० साली प्रमिलाताई आल्या.

आणीबाणीचा उल्लेख मी आणखी एका कारणाने करीत आहे. ती लादणाऱ्या पंतप्रधान एक स्त्री होत्या आणि तिच्याविरुद्ध तुरुंगात गेलेल्याही स्त्रिया होत्या. म्हणून, बाई सत्तेवर आली म्हणजे सत्तेचे चारित्र्य आपोआप बदलते, असा भाबडा विश्वास आपण बाळगू नये. सत्तेवर आलेली बाई कोणाच्या बाजूने उभी राहते आणि तिच्या पाठीशी कोण उभे आहे, हा खरा प्रश्न आहे. १९७२ च्या त्या स्त्रियांपैकी कोणीही एकटी नव्हती. मागे हजारो लाटणी होती. आम्ही त्या शेतमजूर बाईच्या हाती पद दिले, पण तिच्यामागे एक लाटणेदेखील उभे केले नाही.

सेवा या शब्दाविषयी

सेवा या शब्दाचीही थोडी झडती घेतली पाहिजे. पुरुष कार्यकर्ता सार्वजनिक कामात पडतो तेव्हा आपण त्याला नेता म्हणतो. स्त्री पडते तेव्हा तिला सेविका म्हणतो. घरात तिने सासू-सासऱ्यांची, नवऱ्याची, मुलांची सेवा केलेली असते. तीच सेवा आता गावाची करावी, असा आपल्या बोलण्याचा सूर असतो. म्हणजे घरातले दुय्यम स्थान आपण चावडीवर नेतो आणि त्याला त्यागाचे नाव देतो.

समाजवादी विचारात सेवेचा अर्थ असा कधीच नव्हता. डॉ. राममनोहर लोहियांनी राजकीय कार्याची तीन साधने सांगितली : फावडे, तुरुंग आणि मत. फावडे म्हणजे रचना, तुरुंग म्हणजे अन्यायाचा प्रतिकार आणि मत म्हणजे सत्ता. यांतले फावडे तेवढे बायकांच्या हाती द्यायचे आणि मत पुरुषांनी आपल्या मुठीत ठेवायचे, अशी विभागणी त्यांनी केली नव्हती. पाणी आणून देणे ही सेवा आहेच. पण पाणी का येत नाही, टँकरचे पैसे कोण खातो, असे विचारणे हीदेखील सेवा आहे, आणि ती अधिक अवघड सेवा आहे. त्या बाईने सही करण्यास नकार दिला, तेव्हा तिने गावाची जी सेवा केली, ती माझ्या दहा भाषणांनी झाली नसती.

आपल्या घरातील हिशोब

आता थोडा आपल्याच घरातला हिशोब मांडू. दुसऱ्यांच्या घरातला आपण नेहमीच मांडतो.

साठच्या दशकात संयुक्त समाजवादी पक्षाने मागासलेल्यांना शंभरात साठ जागा देण्याची घोषणा केली. त्या साठात लोहियांनी दलित, आदिवासी, शूद्र आणि अल्पसंख्याकांतील मागासलेले यांच्याबरोबर सर्व जातींतील स्त्रिया धरल्या होत्या. जात आणि लिंगभेद या आपल्या समाजाला जखडणाऱ्या दोन बेड्या आहेत, हे सूत्र त्यामागे होते. १९७४ साली स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या राष्ट्रीय समितीचा 'समानतेकडे' हा अहवाल आला. समितीच्या बहुमताने विधिमंडळांतील राखीव जागांना अनुकूलता दाखवली नाही. लतिका सरकार आणि वीणा मजुमदार या दोघींनी त्याला भिन्नमतपत्रिका जोडली. आज मागे वळून पाहता त्या दोघींचे म्हणणे काळाने खरे ठरवले असे म्हणावे लागते.

आणि १९९६ साली, देवेगौडा सरकारने लोकसभा व विधानसभांत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठेवणारे विधेयक आणले, तेव्हा काय झाले? त्याला सर्वांत कडवा विरोध करणाऱ्यांत लोहियांचे नाव घेणारेच नेते होते. इतर मागासवर्गीय स्त्रियांसाठी आत वेगळा वाटा हवा, ही त्यांची मागणी मला चुकीची वाटत नाही. तिच्यात न्यायाचा गाभा होता आणि अजूनही आहे. परंतु ती मागणी घेऊन विधेयक सुधारण्याऐवजी विधेयकच रोखण्यासाठी तिचा उपयोग झाला, आणि सभागृहात स्त्रियांच्या केसांवरून टवाळी करण्यापर्यंत मजल गेली. मागासलेल्या स्त्रीच्या नावाने सर्वच स्त्रियांना दाराबाहेर ठेवले गेले. ही आपल्या परंपरेवरची जखम आहे. ती झाकून ठेवून बरी होणार नाही.

२०१० साली राज्यसभेने विधेयक संमत केले, पण लोकसभेत ते चर्चेला आलेच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये एकशे सहावी घटनादुरुस्ती झाली. लोकसभेत बाजूने ४५४ आणि विरोधी २ मते पडली. राज्यसभेत विरोधी एकही नाही. १९९६ पासून सत्तावीस वर्षे ज्या प्रश्नावर एकमत होत नव्हते, त्यावर दोन दिवसांत एकमत झाले. आणि त्याचे रहस्य कायद्याच्या कलमातच आहे. ही तरतूद लागू होण्याआधी नवी जनगणना आणि त्यानंतर मतदारसंघांची पुनर्रचना व्हावी अशी अट त्यात घातलेली होती. ताट वाढले, पण पाटावर बसण्याचा मुहूर्त पुढचा काढला. शिवाय अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांचा वाटा त्यात आहे, इतर मागासवर्गीय स्त्रियांचा नाही. २०२४ च्या निवडणुकीत लोकसभेच्या ५४३ जागांवर ७४ स्त्रिया निवडून आल्या. २०१९ साली त्या ७८ होत्या. कायदा झाल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत संख्या घटली! कायद्याची सक्ती नव्हती, आणि सक्तीवाचून उमेदवारी देण्याची इच्छा बहुतेक पक्षांना पुरेशी झाली नाही, हाच त्याचा अर्थ. महाराष्ट्र राज्य १९६० साली झाले. २०२४ च्या निवडणुकीनंतरही मुख्यमंत्रिपदाच्या यादीत स्त्रीचे नाव आले नाही.

पद मिळाले, पुढे काय?

गावपातळीवर मात्र चित्र बदलले आहे. महाराष्ट्राने १९९० साली स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा राखल्या. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून देशभर एकतृतीयांश जागा आल्या. २०११ साली आपल्या राज्याने हे प्रमाण पन्नास टक्के केले. यातून हजारो स्त्रिया चावडीवर चढल्या. त्यांतल्या अनेकींनी शाळेची खोली बांधून घेतली, दारूचे दुकान बंद केले, नळयोजना पुरी केली. 'बायकांना काय कळते' म्हणणाऱ्यांची तोंडे त्यांच्या कामाने बंद केली. हे यश लहान नाही, आणि ते कोणी दयेने दिलेले नाही.

याआधीही, १९८६ सालच्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने काही गावांत ग्रामपंचायतीसाठी संपूर्ण स्त्रियांची पॅनेले उभी केली होती आणि जळगाव जिल्ह्यातील विटनेरसारख्या गावांत ती निवडूनही आली. त्या संघटनेच्या अर्थविचाराशी आपले मतभेद होते आणि आहेत. पण गावचा कारभार स्त्रियांच्या हाती देण्याबरोबरच शेतजमीन बायकोच्या नावे करण्याची हाक तिने पुरुषांना दिली, ही गोष्ट शिकण्यासारखी आहे. जिच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही, तिने गावच्या जमिनीवरील अतिक्रमणाविरुद्ध कोणत्या बळावर उभे राहायचे?

त्याच जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावची हकीकत तुमच्यातल्या काहींनी वाचली असेल. तेथील स्त्री सरपंचाला, ती सासरच्या मंडळींसह सरकारी जमिनीवरील घरात राहते अशा तक्रारीवरून अपात्र ठरवण्यात आले. जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तांकडे, उच्च न्यायालयात तिला न्याय मिळाला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला पुन्हा पदावर बसवले आणि सांगितले की, स्त्री निवडून येऊन आपल्यासाठी निर्णय घेते ही गोष्ट गावकऱ्यांना पचलेली नाही, असाच हा प्रकार आहे. गावातली एक खुर्ची टिकवण्यासाठी एका बाईला दिल्लीपर्यंत जावे लागले. किती जणींना ते शक्य आहे?

आणि कायदा तरी नेहमी तिच्या बाजूचा असतो असे नाही. सप्टेंबर २००१ नंतर दोनांहून अधिक अपत्ये झाल्यास पंचायतीचे सदस्यत्व जाईल असा नियम महाराष्ट्राने केला. किती मुले व्हावीत हे ठरवण्याचा अधिकार ज्या घरात बाईला नाही, त्या घरात या नियमाची शिक्षा मात्र बाईला मिळते. विरोधकाला तिच्या बाळंतपणाचा दाखला पुरतो. कारभारातील चूक शोधावीच लागत नाही.

चिठ्ठीचे उत्तर

आता त्या चिठ्ठीकडे वळते. "मी एकटी पडले, तर पक्ष काय करील?" भगिनी, तू जी कोणी या सभागृहात बसली आहेस, तुला मी आश्वासन देणार नाही. आश्वासन मी एकदा दिले आहे. त्याऐवजी काही ठराव मी या शिबिरापुढे ठेवते. ते संमत झाले आणि पाळले गेले, तरच तू उभी राहा.

पहिला : ज्या स्त्रीला आपण उमेदवारी देऊ, तिच्याबरोबर पाच जणांची साथीमंडळी नेमली जाईल, आणि त्यांची नावे उमेदवारी अर्जाच्या दिवशीच जाहीर होतील. निकालानंतर तिची पूर्ण मुदत संपेपर्यंत ती मंडळी बांधलेली राहतील. त्यांतला एक जण हिशोब जाणणारा आणि एक कायदा जाणणारा असेल.

दुसरा : ग्रामपंचायतीचा कायदा, अंदाजपत्रक, मासिक सभेचे इतिवृत्त, खर्चाची पावती हे सारे वाचायला शिकवणारे वर्ग तालुक्यातालुक्यात, उमेदवारीच्या आधी भरतील. निवडून आल्यानंतर शिकवू लागलो तर पहिली खोटी नोंद आपल्या आधी तिच्यापर्यंत पोचलेली असते.

तिसरा : बैठकीची वेळ. रात्री नऊला सुरू होऊन बाराला संपणारी बैठक ही स्त्रियांना वगळण्याची सभ्य पद्धत आहे. बैठका दिवसा होतील आणि तेथे मुले सांभाळण्याची व्यवस्था असेल. या शिबिरात तीन दिवस पोळ्या कोणी लाटल्या, हे मी मुद्दाम पाहिले. १९७२ साली लाटणे हे निषेधाचे शस्त्र होते. आपण ते पुन्हा पोळपाटावर ठेवले आहे. पुढच्या शिबिरात स्वयंपाकाची पाळी पुरुष साथींची राहील, असा ठराव मी मांडते. हसू नका; मी हे गांभीर्याने बोलत आहे.

चौथा : स्त्री प्रतिनिधीवर अविश्वासाची नोटीस निघाली, की आठवड्याच्या आत जिल्हा समिती त्या गावात जाऊन जाहीर सभा घेईल. तिचे चुकले असेल तर तसे तेथे स्पष्ट सांगेल. ती बरोबर असेल तर तिच्या बाजूने उभी राहील. आणि आपल्या विचाराचा जो सदस्य दबावाखाली तिच्याविरुद्ध हात वर करील, त्याला पक्षात स्थान राहणार नाही.

पाचवा : स्त्रियांना महिला आघाडीत ठेवून निर्णय मुख्य समितीत घेणे बंद होईल. तालुका आणि जिल्हा समित्यांत निम्म्या स्त्रिया असतील, आणि त्यांत दलित, आदिवासी, भटक्या, इतर मागास आणि अल्पसंख्य समाजांतील स्त्रिया असतील. दिल्लीच्या कायद्यात जो वाटा राहिला, तो आपल्या समित्यांत देण्यापासून आपल्याला कोणी रोखले आहे? आरक्षण फिरले आणि जागा खुली झाली, म्हणून चांगले काम केलेल्या बाईला घरी पाठवले जाणार नाही.

हे झाले हाक देणाऱ्यांचे कर्तव्य. ओ देणाऱ्यांचेही एक कर्तव्य आहे, तेही सांगते. आपली सही कोणाला उसनी देऊ नका. नवऱ्याला नाही, ग्रामसेवकाला नाही, पक्षाच्या तालुका अध्यक्षालाही नाही. जो कागद वाचला नाही, त्यावर सही नाही, एवढा एकच नेम करा. ग्रामसभेआधी स्त्रियांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती कागदावर भरू देऊ नका, गावाच्या चौकात भरवा. तिथे ज्या बायका येतील, त्याच उद्या तुमची लाटणी आणि थाळ्या होतील. आणि दुसऱ्या बाईविरुद्ध हात वर करण्याची वेळ येईल, तेव्हा दाराकडे पाहू नका, तिच्याकडे पाहा.

शेवटी, ज्या बाईपासून मी आरंभ केला तिच्याविषयी एक शब्द. गेल्या वर्षी त्या गावावरून जात असताना मी थांबले. ती आता बचत गटाचे काम पाहते. तिने चहा केला, मुलांची चौकशी केली, माझ्या गुडघ्यांविषयी विचारले. जुना विषय तिने काढला नाही आणि मलाही काढण्याचे धैर्य झाले नाही. निघताना ती दारापर्यंत आली आणि सहज विचारल्यासारखे म्हणाली, "ताई, आता कोणाला उभी करताय?"

मला उत्तर देता आले नाही. तिच्या त्या प्रश्नात टोमणा नव्हता. ज्या कोण्या बाईला आम्ही पुढे उभी करणार होतो, तिच्याविषयीची ती काळजी होती. मित्रहो, ते उत्तर आता या शिबिराने द्यायचे आहे. मांडलेल्या पाचही ठरावांवर आपण आत्ता, शिबिर विसर्जित होण्यापूर्वी, मत घ्यावे अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे. संमत झाले, तर त्याची प्रत घेऊन मी त्या गावी जाईन आणि तिच्या हातात देईन. फेटाळले गेले, तर निदान यापुढे कोणत्याही बाईच्या दारात जाऊन सेवेची हाक देण्याचे आपण थांबवावे.

जय समाजवाद.